सहाणेवरचा वळसा आणि बाटलीतला थेंब

गेल्या काही वर्षांत आमच्या उपनगरांतल्या बारशांच्या आहेरात एक नवी वस्तू दाखल झाली आहे. झबली, टोपडी, चांदीचा वाळा आणि खुळखुळा यांच्या जोडीला एक इवलीशी निळसर बाटली येते. तिच्यावर जांभळ्या फुलोऱ्याचे चित्र असते आणि आत लव्हेंडरचे तेल असते. हे तेल बाळाच्या उशीवर शिंपडले की बाळ रात्रभर शांत झोपते, मालिशच्या तेलात घातले की अंगाला सुवास येतो आणि पोट दुखत असेल तर बेंबीभोवती चोळावे, असे देणारी मैत्रीण सांगते. घेणारी आई बिचारी संभ्रमात पडते. घरात सासूबाईंची वेखंडाची पुडी असते, डॉक्टरांनी दिलेला कागद असतो आणि त्यात ही बाटली.

मी मुलुंडला राहतो. उभी हयात मुलांना रसायनशास्त्र शिकवण्यात गेली आणि जुन्या घरगुती औषधांचा इतिहास गोळा करण्याचा छंद निवृत्तीनंतर जडला. त्यामुळे ‘काका, हे तेल बाळाला लावले तर चालेल का?’ हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. त्याचे उत्तर दोन ओळींत देता येते आणि ते मी पुढे देणारच आहे. परंतु मला खरा मोह आहे तो त्या प्रश्नामागच्या इतिहासाचा. तान्ह्या मुलाला सुवासाने निजवण्याचा, निववण्याचा आणि बरे करण्याचा उद्योग आपल्याकडे काही लव्हेंडरपासून सुरू झालेला नाही.

ज्यांनी जुन्या घरातली बाळंतिणीची खोली पाहिली आहे, त्यांना तिचा वास आठवण करून द्यावा लागणार नाही. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग आणि बाळंतशोपा टाकून दिलेली धुरी, टाळूवर जिरवलेले तेल आणि त्यावर चिमूटभर वेखंडाची पूड, कोमट पाण्यात उकळलेला पाला, आणि या सगळ्यांत मिसळलेला दुधाचा आंबूस गोड वास! सर्दी झाली तर तव्यावर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी छातीला शेकायची. दिवाळी आली की या घरगुती वासांना राजवैभव प्राप्त व्हायचे. वाळा, नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, चंदन आणि संत्र्याची वाळलेली साल एकत्र कुटून उटणे व्हायचे, आणि पहिल्या आंघोळीला मोठ्यांबरोबर पाळण्यातले पिल्लूही पहाटेच्या गारव्यात न्हाऊन निघायचे.

या सगळ्यात एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. ही सारी द्रव्ये अख्खी होती. ओवा म्हणजे ओव्याचे दाणे, वाळा म्हणजे वाळ्याची मुळे. वनस्पतीतला सुगंधी अंश तिच्या काष्ठाशी, पिष्टाशी आणि पाण्याशी बांधलेला असे, आणि म्हणून तो बेताबेताने बाहेर येई.

पोटात द्यायच्या गुटीचेही तसेच होते. वेखंड, हिरडा, जायफळ, सुंठ, मुरुडशेंग, हळकुंड, डिकेमाली, ज्येष्ठमध असा तो बटवा असे. सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळून निवलेल्या पाण्यात एकेक मुळी धरून तिचा वळसा घ्यायचा. कोणी त्याला वेढा म्हणत. एवढ्याशा बाळाला प्रत्येकाचा एकच वळसा, आणि बाळ वाढेल तसे वळसे वाढायचे. जायफळाला हात आवरता, कारण त्याने गुंगी येते, हे घरातल्या म्हातारीला कोणी पुस्तकातून शिकवलेले नव्हते. वळसा हे तिचे माप होते. त्यात तराजू नव्हता, पण चूक झालीच तर ती एका वळशाची होई, आणि एका वळशात उतरणारे द्रव्य फारच थोडे असे.

यावरून पूर्वीचे सारे चांगले आणि आताचे सारे वाईट असा निष्कर्ष कोणी काढू नये. आज बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काहीच देऊ नका, असे निक्षून सांगतात, आणि त्याला कारणे आहेत. सहाण, पाणी आणि मुळ्या यांच्या स्वच्छतेची खात्री कोण देणार? वेखंडाचेच पाहा. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात वेखंडावर एक संवाद लिहिला आहे आणि कापरावर दुसरा. याच ओर्ताकडे मुंबई बेट खंडाने होते, तेव्हा तो एका अर्थाने आमचा शेजारीच. इतक्या जुन्या लौकिकाच्या या वेखंडात असॅरोन नावाचे द्रव्य असते. प्रयोगातल्या प्राण्यांवर त्याचे अनिष्ट परिणाम दिसल्यामुळे अमेरिकेने 1968 साली खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी घातली. वापर पुरातन आहे म्हणून तो निर्धोक ठरत नाही.

आणि घरगुती उपायांच्या यादीत एक काळे पानही आहे. ते उलटून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1922 साली मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणासंबंधी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची पाहणी छापून आली. या स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा 98 मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नमूद केले. अफूच्या या गोळीचे नाव होते ‘बाळागोळी’. नाव केवढे प्रेमळ, आणि काम कसले! पहाटेच्या भोंग्याला आई गिरणीत जायची आणि संध्याकाळी परतायची. मधल्या वेळात रडणाऱ्या मुलाला घ्यायला घरी कोणी नसे. त्या आईला दोष देणे सोपे आहे. पण तिच्यापाशी वेळ नव्हता आणि सहाणेपाशी बसायला म्हातारी नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे गोळी का आली ते उमगते. बाळाला शांत करणारी आयती वस्तू ज्या घरात शिरते, त्या घरातले हात आधी कमी झालेले असतात. 1922 मध्ये हे परळ-लालबागेत झाले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या बंद दारांच्या सदनिकांत आज दोघेही नोकरीवर जातात आणि आजी गावी असते. तिथे अफू नाही, हे आपले भाग्य. पण बाळाला चटकन झोपवणाऱ्या बाटलीचे आकर्षण त्याच जातीचे आहे.

बाटल्या आपल्या घरात आल्या त्या मात्र मोठ्या प्रतिष्ठेने. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने 1851 साली ग्राइप वॉटर काढले. त्यात होते काय? शेपूच्या बियांचे तेल, सोडा, साखर आणि थोडे मद्य. शेपूच्या बिया म्हणजे आपल्या बाळंतशोपाच की! जी वस्तू आपण निखाऱ्यावर टाकत होतो आणि बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला देत होतो, तीच साहेबाने बाटलीत भरून आपल्याला परत विकली, आणि आपण ती कौतुकाने घेतली. त्यातले मद्य पुढे काढून टाकण्यात आले, ते मात्र बरे झाले.

दुसरी बाटली कोलनवॉटरची. जर्मनीतल्या कोलोन शहरात 1709 साली फारिना नावाच्या इटालियन कुटुंबाने या सुगंधी पाण्याचा धंदा सुरू केला. लिंबू-संत्र्याच्या जातीची तेले मद्यार्कात विरघळवायची, आणि बहुतेक कृतींत रोझमेरी व लव्हेंडरही. आमच्या लहानपणी ताप चढला की आई कोलनवॉटरमध्ये भिजवलेल्या रुमालाची घडी कपाळावर ठेवी. गारवा यायचा तो मद्यार्क उडून जाताना त्वचेची उष्णता नेई म्हणून. वास हा नुसता वरचा दागिना होता. पण तापाच्या गुंगीत नाकाशी येणारा तो मंद परदेशी सुवास आणि आईचा हात यांची मनात अशी गाठ बसली आहे, की ती अजून सुटत नाही. ज्या पिढीला वाटते की लव्हेंडर आपण काल-परवा पाहिले, तिच्या आजोबांच्या कपाळावर ते केव्हाच येऊन बसले होते! आता मुलांच्या तापाला मद्यार्काच्या घड्या ठेवू नयेत, असे डॉक्टर सांगतात, कारण बालकाच्या कातडीतून आणि श्वासातून मद्यार्क आत जातो.

तिसरी बाटली निलगिरीची. या झाडाचे मराठी नाव त्या डोंगरांवरून पडले असले, तरी झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. 1843 च्या सुमारास ते निलगिरीच्या डोंगरांत लावले गेले आणि डोंगराचे नावच घेऊन बसले. आणि चौथी कापराच्या तेलाची. खोबरेलात कापूर विरघळवून सर्दीला छातीवर चोळायचे तेल घरोघर असे.

या चौथ्या बाटलीची एक गोष्ट आमच्याच घरातली आहे. 1969 सालचा पावसाळा होता. माझी मावशी घाटकोपरच्या एका चाळीत राहत असे. तिची दीड-दोन वर्षांची मुलगी सर्दीने बेजार होती, म्हणून कापराचे तेल गरम करून लावले आणि बाटली खिडकीच्या कट्ट्यावर राहिली. दुपारी मुलीने ती तोंडाला लावली. किती प्यायली कोणास ठाऊक, चमचाभरही नसेल. पण अर्ध्या तासाच्या आत तिला झटके येऊ लागले. शेजारी कोणी म्हणाले, मिठाचे पाणी पाजून ओकवा. कोणी म्हणाले, दृष्ट काढा. तळमजल्यावरच्या कंपौंडरने मात्र तिला तशीच खांद्यावर घेतली आणि टॅक्सी बोलावली. मी आठ वर्षांचा होतो. मला आठवते ती चाळीच्या जिन्यावर पसरलेली शांतता, आणि देवघरात एरवी प्रसन्न वाटणारा तो वास त्या दिवशी सगळ्या खोलीत कसा कोंडून राहिला होता ते. मुलगी वाचली. आज ती स्वतः आजी आहे. मावशीने मात्र त्यानंतर घरात कापूर फक्त आरतीपुरताच येऊ दिला.

पुढे पुस्तके वाचल्यावर कळले की हा प्रकार जगभर घडत होता. कापराच्या तेलाचे लहानसे घोटही बालकांना घातक ठरतात, हे पाहून अमेरिकेने 1982 साली ते तेल बाजारातून हटवले. निलगिरीचेही तसेच. चमचाभर पोटात गेले तर मूल गुंगते, क्वचित झटके येतात. आणि नुसते नाकाशी लावले तरी अगदी लहान बाळाचा श्वास अडखळू शकतो, म्हणून कापूर, मेंथॉल आणि निलगिरी घातलेली मलमे दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत, असे वेष्टनावरच छापलेले असते. ते छापील वाक्य किती जण वाचतात, हा प्रश्न निराळा.

येथे आमच्या मुलुंडचा थोडा अभिमान मिरवण्याची मुभा वाचकांनी द्यावी. योगायोग असा, की ज्या 1922 साली बाळागोळीचा तो अहवाल छापला गेला, त्याच साली मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी स्थापन झाली. सुगंधी द्रव्ये तयार करण्याच्या धंद्यात मराठी माणसाने उभारलेली ही संस्था. तिचे मुलुंडचे नाव आजही लालबहादूर शास्त्री मार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. केळकर एज्युकेशन ट्रस्टने 1984 साली मुलुंड पूर्वेला विनायक गणेश वझे महाविद्यालय सुरू केले, आणि तेथे सुगंध व प्रसाधने या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकवला जातो. म्हणजे सुवास हा आमच्या उपनगरात रीतसर शिकण्याचा विषय आहे. या विद्येचा पहिला धडा कोणता? मोजणे. सुगंधाचा कारागीर थेंब मोजत बसत नाही, कारण थेंब बाटलीच्या तोंडाप्रमाणे लहानमोठा पडतो. तो काट्यावर वजन करतो, प्रमाण लिहून ठेवतो आणि त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत अमुक तेल शेकडा किती चालेल याची मर्यादा पाळतो. सहाणेवरच्या म्हातारीला जे हाताने कळत होते, ते त्याला काट्याने कळते. अडचण आहे ती या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या आईची. तिच्या हातात वळसा उरला नाही आणि काटा आला नाही. तिच्या हातात आहे नुसता थेंब.

आता खुद्द लव्हेंडरकडे वळू. या कुळातल्या काही वनस्पती आपल्या सह्याद्रीतही उगवतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. त्यांतल्या एकीचे शास्त्रीय नाव ‘लव्हँड्युला गिब्सोनी’. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांच्यावरून ते ठेवले जॉन ग्रॅहॅम या टपालखात्यातल्या अधिकाऱ्याने. पत्रांचा कारभार सांभाळून हा गृहस्थ मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी करीत होता. 1839 साली यादी निघाली आणि त्याच वर्षी खंडाळ्यास तो वारला. युनानी हकिमांच्या पेटाऱ्यातही या कुळातले ‘उस्तुखुद्दूस’ फार पूर्वीपासून आहे. पण बाटलीतले तेल येते ते वेगळ्या जातीचे, मूळच्या दक्षिण युरोपातल्या डोंगरातले. काश्मीरकडे, विशेषतः डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहच्या परिसरात, अलीकडे त्याची शेती चांगली पसरली आहे. तेव्हा बाटली स्वदेशीही असू शकते.

या तेलाला औषधाचा मान मिळवून दिला रेने-मॉरिस गॅटफॉसे या लियों शहरातल्या रसायनशास्त्रज्ञाने. 1910 साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात तो भाजला. त्याने जळता हात शेजारच्या लव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि चमत्कार झाला, अशी कथा सर्वत्र सांगतात. स्वतः त्याने लिहिले आहे ते इतके नाट्यमय नाही. जखमा पुढे सडू लागल्या, तेव्हा त्या लव्हेंडरच्या अर्काने धुतल्या आणि सडणे थांबले, एवढेच. 1937 साली त्याचे पुस्तक आले आणि सुगंधोपचाराला नाव मिळाले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की तो प्रौढ होता आणि प्रयोग स्वतःच्या जखमांवर होता. पाळण्यातल्या बाळाचा त्या कथेशी काही संबंध नाही.

बाळाचा संबंध आला तो 2007 साली. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या तीन मुलग्यांची हकिगत प्रसिद्ध झाली. वये 4, 7 आणि 10. तिघांच्याही छातीला वयात येण्याआधीच फुगवटा आला होता, आणि तिघेही लव्हेंडर किंवा टी-ट्री तेल असलेली साबण, शाम्पू यांसारखी प्रसाधने वापरत होते. ती बंद केल्यावर फुगवटा ओसरला. प्रयोगशाळेतल्या पेशींवरही या तेलांचा स्त्री-संप्रेरकासारखा अल्प परिणाम दिसला. वर्तमानपत्रांना खाद्य मिळाले आणि आया घाबरल्या. उलट, 2022 साली शेकडो मुलांची पाहणी करून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा संबंध आढळला नाही. तीन मुलांवरून जगाला शिक्षा देता येत नाही, आणि एका पाहणीने शंका पुरती मिटतही नाही. शास्त्रात असे अर्धवट निकाल पुष्कळ असतात. त्यांच्याबरोबर राहायला शिकावे लागते.

मग आईने करावे काय? आता ते दोन ओळींचे उत्तर. तान्ह्या बाळाला, निदान पहिले तीन महिने, बाटलीतले कोणतेही सुगंधी तेल लावू नये, कारण त्याची त्वचा पातळ असते आणि ज्या वासाने त्याला ओळख पटते, तो आईचा वास झाकला जातो. पुढे लावायचेच असेल, तर आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारावे आणि दोन वर्षांपर्यंत चार चहाचे चमचे खोबरेलात एका थेंबापलीकडे जाऊ नये.

यामागचे गणित अवघड नाही. सुमारे शंभर किलो फुलोरा ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात घालावा तेव्हा किलोभर, फार तर थोडे अधिक, तेल हाती येते. म्हणजे त्या एका थेंबात फुलांचा अख्खा झुबका असतो. उशीवर पाच थेंब टाकणारी आई बाळाच्या तोंडाशी फुलांची पेंढीच रचते, फक्त ती दिसत नाही. वातानुकूलन यंत्रासाठी खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत तेलाची वाफ सोडणारे यंत्र रात्रभर चालू ठेवणे याच कारणाने अयोग्य. शिवाय उघडलेल्या बाटलीतले लव्हेंडर आपल्या दमट हवेत जुने होते, हवेशी संयोग पावून त्याची द्रव्ये बदलतात, आणि मग तेच सौम्य तेल त्वचेला खाज आणते. आणि समजा, घरातल्या रांगत्या मुलाने एखादी बाटली तोंडाला लावलीच, तर ओकवण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये. बाटली हातात घेऊन मुलाला सरळ रुग्णालयात न्यावे. कंपौंडरने चाळीच्या जिन्यावर जे केले, तेच आजही योग्य आहे.

एका गोष्टीने मला मोठा विरंगुळा दिला आहे. लव्हेंडरला त्याचा सुवास देणारे मुख्य द्रव्य लिनॅलूल. हेच लिनॅलूल आपल्या धन्यांच्या तेलात सर्वांत अधिक असते. म्हणजे युरोपातल्या डोंगरावरून आलेली ही परकी पाहुणी आणि फोडणीच्या डब्याशेजारचे धने यांच्यात नाते आहे, आणि ते आपण रोज खातो. त्याला आपण कधी भ्यायलो नाही, कारण ते दाण्यात होते, मुठीत मावत होते आणि स्वयंपाकघरातल्या हाताला त्याचे माप ठाऊक होते.

यंदाच्या नरकचतुर्दशीला ज्यांच्या घरी बाळाची पहिली दिवाळी असेल, त्यांनी उटण्याची वाटी बाळाच्या अंगाला नुसती टेकवावी. खोबरेल साधेच असू द्यावे. कोमट पाणी, ऊन टॉवेल, बाहेर फुलबाजीचा उजेड आणि चकलीचा खमंग वास, एवढा सुगंध त्या पहाटे बाळाला पुरतो. बाटली कपाटात उंच ठेवावी, झाकण घट्ट लावून.